तुझा सोमवार, माझा गुरुवार

सुजाता,

तू गेल्यावर घरच्यांनी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी जो घोळ घातला, तो दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी मीच सांगतो. जुनी सवय. आपल्या बी.एड.च्या वर्गात माझी फजिती माझ्याआधी कुणी सांगितली, तर घरातलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटायचं मला.

घाटकोपरच्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. मी चॉकलेटी सफारीत. भंतेजींचं वंदना-प्रवचन झालं आणि तुझ्या दादाने मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मुख्याध्यापकाच्या हातात माइक दिला की दोन शब्दांचे किती होतात, हे तुला ठाऊकच आहे. पाठाच्या परीक्षेत बाष्पीभवन शिकवताना मी स्पिरिटचा दिवा टेबलक्लॉथवर उपडा केला होता आणि तू मागच्या बाकावरून म्हणालीस, "परब, बाष्पीभवन झालं, आता अग्निशमन घे." ते सांगितलं. लोक हसले. हसले म्हणून आणखी तीन किस्से सांगितले. आणि मग, तीस वर्षांच्या शोकसभा जिभेवर बसलेल्या, हात जोडून म्हणालो, "ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो."

बुद्धाच्या मूर्तीसमोर. बाबासाहेबांच्या फोटोसमोर.

पुढच्या रांगेतल्या एका काकांनी नुसती मान खाली घातली. जेवणाच्या वेळी दादा शेजारी येऊन बसला. "सर, एका वाक्यात तीन चुका केल्यात. ईश्वर, आत्मा, सद्गती. सुजाता असती तर लाल पेनाने गोल मारले असते." आणि हसला. तो हसला म्हणून मला घास गिळता आला.

पण खरी चूक ती नव्हती. माझ्याकडे तिथे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सोडून बाकी सगळं सांगितलं. ती इथे लिहितोय, छापायला द्यायची म्हणून.

लिहायच्या आधी कायद्याचं बघतो, नाहीतर तू हे पान फाडलं असतंस. अशा प्रकरणातल्या मुलीची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. नाव नाही, घर नाही, शाळाही नाही. म्हणून शाळेचं नाव नाही. मुलीची इयत्ता नाही. जागा मरोळ म्हणतो, असेल, नसेल. सुजाता हे तुझं नाव नव्हे आणि परब हे माझं नव्हे. म्हणजे गंमत बघ, हा लेख तुझं नाव निष्कलंक करायला लिहायला बसलो आणि त्यात तुझं नावच येऊ शकत नाही. हे लक्षात आलं तेव्हा दोन पानं लिहून झाली होती. तेव्हाच कळलं की नुसत्या लेखावर माझी सुटका नाही.

तुला शाळेत मीच आणलं. तू तोवर समुपदेशनाची पदविका घेतली होतीस, एका संस्थेत काम केलं होतंस. आमच्या संस्थेला वाटलं, इंग्रजी शाळांकडे समुपदेशक असतो तर आपल्याकडेही हवा. हवा म्हणजे फलकावर हवा. मी तुला जी खोली दिली तिच्यात लेझीमचे गठ्ठे, गणपतीचं मखर आणि बँडचा फुटका ड्रम होता. तू आत डोकावलीस आणि म्हणालीस, "छान आहे रे. पोरं रडायला लागली की ड्रम वाजवीन, बाहेर ऐकू नको जायला."

पहिल्या महिन्यात मी तुला रोज तीन ऑफ तास दिले. कुणी शिक्षक रजेवर, की पाठव मॅडमना. तू एक दिवस वेळापत्रक घेऊन केबिनमध्ये आलीस. स्टाफसमोर आपण 'सर' आणि 'मॅडम' असायचो, दार लागलं की 'अरे' आणि 'अगं'.

"परब, सकाळी मी सातवीला गप्प बसा म्हणून ओरडते. दुपारी त्यातलंच एक पोर माझ्याकडे येऊन मनातलं बोलणार का?"

"अगं, तेवढाच वर्ग शांत राहतो."

"हो ना. नंतर कायमचाच."

ऑफ तास बंद केले. पण माझी कीर्ती एवढ्यावर थांबणारी नव्हती. एकदा तुला एका मुलाला भेटायला बोलवायचं होतं आणि मी, मदत म्हणून, शाळेच्या स्पीकरवरून त्याचं पूर्ण नाव, वर्ग, तुकडी वाचून सांगितलं, 'यांना समुपदेशक मॅडमनी तातडीने बोलावलं आहे'. चार मजल्यांवर ऐकू गेलं. तू जिना चढून आलीस ती धापा टाकत. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"तो पोरगा आता कधीच येणार नाही. कळतंय का तुला? सगळ्या वर्गाने त्याच्याकडे वळून बघितलं असेल."

तो खरंच आला नाही. तू त्याला महिनाभर मैदानावर, पाण्याच्या नळाशी, जिन्यात 'सहज' भेटत राहिलीस. मी हा किस्सा पुढे दहा ठिकाणी सांगितला, माझ्या मूर्खपणाचा नमुना म्हणून. लोक हसायचे. त्या मुलाचं काय झालं हे मी कुठेच सांगितलं नाही, कारण मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. मुलं खोलीत आली की पहिलं विचारायची, "मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?" आणि तू कधीच 'नाही' म्हणायची नाहीस. तू म्हणायचीस, "तुझं गुपित मी वर्गशिक्षकांना सांगणार नाही, स्टाफरूममध्ये सांगणार नाही. पण कुणी तुला दुखवत असेल, तर मी एकटी ते पोटात ठेवू शकत नाही. हे आधी सांगते, मग तू ठरव."

मी म्हणायचो, "अगं, असं आधीच सांगितलंस तर कोण तोंड उघडेल? आधी 'नाही सांगणार' म्हण. मग काय ते बघता येईल."

"म्हणजे फसवू?"

"फसवणं कसलं? त्याच्या भल्यासाठी थोडं..."

"परब, ज्याला एकदा मोठ्या माणसाने 'कुणाला सांगू नको' म्हणून गप्प केलंय, त्याला मी पण खोटं सांगून बोलतं करू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?"

यावर मी चहा मागवला. माझ्या नोकरीत बहुतेक वाद मी चहा मागवून जिंकलेत.

शिक्षकांसाठी तू एकदा तासभर घेतलास. पोक्सो कायदा. फळ्यावर काही लिहिलं नाहीस, नुसतं बोललीस. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, की पोलिसांना कळवायचं. खरं की खोटं हे आपण ठरवायचं नाही, चौकशी आपण करायची नाही, पोराला चार जणांपुढे चार वेळा बोलायला लावायचं नाही. पोलिसांकडून महिला अधिकारी साध्या वेशात येते, पोराला ठाण्यात रात्रभर बसवत नाहीत, हे पालकांना सांगून धीर द्यायचा. आणि न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे. चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "आम्ही हेडसरांना सांगितलं, की आमची जबाबदारी संपली ना?" तू म्हणालीस, "नाही. कायद्याने प्रत्येकाने कळवायचं. हेडसर म्हणजे पोलीस स्टेशन नव्हे." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोट सावरत म्हणालो, "ढेरी तेवढी पोलिसाची आहे." प्रचंड हशा. तू नाही हसलीस.

आता तो सोमवार.

मधली सुट्टी संपली होती. तू आत आलीस, दार लावलंस आणि एक कागद माझ्यापुढे ठेवलास. वर तारीख, खाली तुझी सही.

"वाच. आत्ता."

वाचलं. एका मुलीने तुला सांगितलं होतं, ती ज्या खासगी क्लासला जायची तिथल्या सरांबद्दल. काय सांगितलं ते इथे येणार नाही. तुझी ती अट ऐकूनसुद्धा तिने सांगितलं होतं, एवढं मात्र लिहितो. आपलं ते भांडण त्या मुलीने तुझ्या बाजूने निकालात काढलं होतं आणि ते मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

"खरं असेल का गं?"

"ते आपण ठरवायचं नाही. पोलीस स्टेशनला कळवायचं. आज. तिच्या आईला मी कारखान्यातून बोलावून घेते."

सुजाता, त्या क्षणी माझ्या डोक्यात ती मुलगी नव्हती. बुधवारी शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. मांडव पडला होता. पाहुण्यांच्या शाली आल्या होत्या. स्मरणिका छापून आली होती आणि तिच्या मागच्या पानावर पूर्ण रंगीत जाहिरात होती, त्याच क्लासची, त्याच सरांच्या फोटोसकट. गठ्ठे माझ्या टेबलाखाली होते. तू बोलत होतीस तेव्हा माझे पाय त्यांच्यावर होते.

मी म्हणालो, "आईला लगेच नको. घाबरून जाईल. ठाण्यातले साहेब माझ्या ओळखीचे आहेत, मी बोलतो. महिला अधिकारी साध्या वेशात पाठवा म्हणतो."

बघितलंस? तुझाच तास तुझ्यावर वापरला.

संध्याकाळी तू विचारलंस, "केलास फोन?"

"झालं बोलणं. बुधवारपर्यंत बंदोबस्तात अडकलेत. गुरुवारी सकाळी येतायत."

"गुरुवारी? एवढा उशीर चालतो त्यांना?"

"अगं, त्यांनीच सांगितलं. माझ्यावर विश्वास नाही का?"

तू पर्स खांद्याला लावलीस. मग म्हणालीस, "आहे."

फोन मी केलाच नव्हता. करणार होतो, बुधवार उरकला की. तुझ्या कागदाच्या कोपऱ्यात मी 'चर्चा करावी' असा शेरा मारला, खाली सही केली आणि फाइल ड्रॉवरमध्ये टाकली. शाळेच्या कारभारात ज्याला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, त्याला आम्ही 'चर्चा करावी' म्हणतो. तीस वर्षांत मी हा शेरा पाणी गळण्यावर मारला, फुटक्या बाकांवर मारला, एकदा चुकून स्वतःच्याच रजेच्या अर्जावर मारला. हातातून आपोआप उतरतो. खाली तारीख घातली नाही.

मंगळवारी आणि बुधवारी तू त्या मुलीला क्लासला जाऊ दिलं नाहीस. तिला महोत्सवाच्या पडद्याची दोरी ओढायच्या कामावर लावलंस, संध्याकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवलंस आणि मग तूच तिला घरापर्यंत सोडून आलीस. ती सुरक्षित राहिली ती तुझ्यामुळे. मी त्या वेळी मंचावर होतो. पाहुण्यांनी माझ्या सूत्रसंचालनाचं कौतुक केलं.

गुरुवारी साडेबारा वाजले तरी कुणी आलं नाही. तू दारात उभी राहिलीस.

"कुठायत तुझे साहेब?"

मी ड्रॉवर उघडला, बंद केला.

"तू फोनच केला नव्हतास."

"करणार होतो गं. कालचं एकदा..."

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती वळलीस, मुलीच्या आईला बोलावून घेतलंस आणि दोघींना घेऊन ठाण्यात गेलीस. तू गेटबाहेर पडलीस तसा मी ड्रॉवर उघडला. तुझा कागद बाहेर काढला. 'चर्चा करावी'च्या खाली, त्याच पेनाने, गुरुवारची तारीख घातली.

चार वाजता पोलीस शाळेत आले, तू बरोबर होतीस. एका अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, सर?"

"आज," मी म्हणालो. "आज सकाळी."

एका शब्दाने भागलं असतं, मी दोन वापरले.

त्यांनी कागद बघितला आणि तुझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या कागदावर तारीख सोमवारची. सरांना दिलात गुरुवारी. तीन दिवस काय करत होता?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे.

"उशीर झाला," तू म्हणालीस. "माझ्याकडून झाला."

ते गेल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तू हाताने थांबवलंस. तुझं तेव्हाचं बोलणं मला जसंच्या तसं पाठ आहे, दुसरं काही पाठ झालं नाही आयुष्यात, पण हे झालं.

"मी खोटं नाही बोलले. कायदा मला विचारतो, तू स्वतः का नाही गेलीस? 'हेडमास्तरवर विश्वास होता' असं कलम नाही त्यात. ते माझं मी बघीन. पण आज मी तुझ्याशी तारखेवरून भांडले, तर त्या पोरीची केस बाजूला पडेल आणि आपल्या दोघांचा तमाशा होईल. तिचा नाही, त्या क्लासवाल्याचा वकील खूश होईल. दिंडोशीच्या कोर्टात मला विचारलं की कागद कुणाला कधी दिला, तर मी सोमवार म्हणणार. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग. मी वाट बघते, परब."

तू दीड वर्ष वाट बघितलीस.

त्या दीड वर्षात मी काय केलं? संस्थेने तुला कारणे दाखवा नोटीस द्यायची ठरवली. मसुदा मी लिहिला. माझं मराठी चांगलं म्हणून अशी कामं माझ्याकडेच येतात. 'आपण सदर संवेदनशील बाब हेतुपुरस्सर तीन दिवस दडवून ठेवली.' 'हेतुपुरस्सर' लिहिल्यावर मी क्षणभर पेन थांबवून शब्दाकडे बघितलं होतं, चपखल बसलाय का म्हणून. तुझं उत्तर एका ओळीचं आलं: 'खुलासा योग्य ठिकाणी करीन.' मग संस्थेने शिक्षा म्हणून तुला आपल्या मुलुंडच्या शाखेत पाठवलं. घाटकोपरच्या बाईला मरोळहून काढून शिक्षा म्हणून मुलुंडला, घराच्याच रेल्वेलाइनवर! संस्थेचा भूगोल इतका कच्चा, हे मी हसत हसत सगळ्यांना सांगितलं. मुलुंडमध्ये काय चाललंय हे मात्र एकदा कानावर आलं तेव्हा हसलो नाही. तिथल्या एका पालकसभेत एक आई उठून म्हणाली होती, "माझ्या मुलीला त्या मॅडमकडे नका पाठवू. त्या दाबून ठेवतात."

मुलं तुझ्या खोलीत यायची बंद झाली. ज्या बाईने आयुष्यात एका पोराला खोटं आश्वासन दिलं नाही, तिची खोली रिकामी. मी त्या आठवड्यात तुला फोन लावला. तू उचललास.

"बोल."

"कशी आहेस?"

"गेलास का?"

"अगं, पुढच्या आठवड्यात..."

"मग पुढच्या आठवड्यातच फोन कर."

माझ्या निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. सांगितलं की गुन्हा माझ्यावर. न कळवल्याचा, वर खोटी तारीख घातल्याचा. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज दुपारी वाटायचं, कोर्टाची तारीख तर येऊ दे.

तू कशाने गेलीस, किती दिवस दवाखान्यात होतीस, हे मी इथे लिहीत नाही. पण बातमी कळली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं सगळं लिहिणं सफारीतलं भाषण ठरेल. दादाचा फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अर्धं मिनिट असेल. तुझी साक्ष व्हायची होती. आता होणार नव्हती. कागद मला सोमवारीच मिळाला होता हे माहीत असलेलं दुसरं माणूस राहिलं नव्हतं. त्या अर्ध्या मिनिटात मी पंख्याचा वेग वाढवला, खुर्चीत मागे टेकलो. मग आपण काय केलं हे कळलं आणि बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. तुझ्यासाठी रडू यायच्या आधी स्वतःची किळस आली. त्या क्रमाबद्दल मला माफी नको. मागायचीही लाज वाटते.

पुण्यानुमोदनाला मी आलो तो असा. किस्से सांगून निघालो, चपला घालत होतो, तेवढ्यात तुझ्या आईने माझा हात धरला. इतकी वर्षं घाटकोपरमध्ये राहूनही अकोल्याची बोली तशीच.

"सर, तुमी तिथले मोठे सायेब व्हते. मले एकच सांगा. माही पोरगी तीन दिवस चूप बसली व्हती काय?"

मी म्हणालो, "कागदोपत्री तसं आहे, आई."

कागदोपत्री. तुझ्या आईला.

तिने हात सोडला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, सोमवारपासून. दीड वर्षात पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती ती थांबली. आमची मालवणी भांडणातच बाहेर येते. "तुमचा तोंड खंयय चालता," ती म्हणाली. "जंय चालाक व्हया थंयच चालना नाय." मग परातीकडे बघत हळू म्हणाली, "उद्या जावा. मी येतंय बरोबर."

गेलो. तपास आता एका महिला अधिकाऱ्याकडे होता, तिशीचीही नसेल. मी खुर्चीत बसलो आणि सुरुवात केली, सुवर्णमहोत्सवापासून, मांडव कसा पडला होता, पाहुणे कोण येणार होते. तिने पेन खाली ठेवलं.

"सर, गोष्ट नको. वार सांगा."

"सोमवार."

तिने वर बघितलं. "हे लिहिलं की तुमच्यावर काय येईल, माहितीय ना?"

"माहितीय. माझ्याच शाळेत त्याचा तास झाला होता."

तिने पुरवणी जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. 'सदर बाब समुपदेशक यांनी मला सोमवारीच लेखी कळवली होती. पोलिसांना फोन केल्याचे मी त्यांना खोटे सांगितले. कागदावरील गुरुवारची तारीख मी नंतर घातली.' एक विशेषण नाही. मी सही केली. पुढे काय होईल ते होईल. वकील गाठून ठेव, असं सगळे म्हणतात.

तिथून घाटकोपरला गेलो. तुझ्या आईसमोर जमिनीवर बसून म्हणालो, "आई, ती चूप बसली नव्हती. त्याच दिवशी तिने मला सांगितलं. चूप मी बसलो."

तिने विचारलं, "मंग हे तवा काऊन नाही सांगतलं? जिती व्हती तवा?"

दादा उभाच होता, तो खिडकीकडे वळला. आई म्हणाली, "मले सांगून काय व्हते आता? मले त मालूमच व्हतं. तिकडं जाऊन सांगा, मुलुंडात. त्या बायांपुढं."

काल मुलुंडला पालकसभा होती. मुख्याध्यापिकेला विनंती करून पाच मिनिटं मागितली, दोन वापरली. मुलीबद्दल एक अक्षर बोललो नाही. म्हणालो, "ज्या मॅडमबद्दल इथे सांगितलं जातं की त्यांनी दाबून ठेवलं, त्यांनी त्याच दिवशी लेखी दिलं होतं. दाबलं मी. खोटी तारीख मी घातली. तसा जबाब पोलिसांत दिलाय." कुणी हसलं नाही, सुजाता. इतकी शांत सभा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. कडेवर लहान मूल, शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. 'त्या दाबून ठेवतात' म्हणणारी आई तीच असावी असं शेजारच्या बाईंच्या नजरेवरून वाटलं, विचारलं नाही. ती रागावेल, मला दोन शब्द सुनावेल, अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर इच्छाच होती.

तिने फक्त विचारलं, "मॅडम आता नाहीत. त्यांच्या जागी कुणी आलेलंही नाही. मग आमच्या पोरींनी सांगायचं कुणाला, सर?"